प्लंबर फिनी आणि आमचा दूधकट्टा

कोल्हापुरात गंगावेशीत संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहिल्या की आमचाही कट्टा भरतो. डोळ्यांसमोर काढलेली धार, ग्लासावर चार बोटं फेस, आणि तो फेस मिशीला तसाच असताना माणसानं एखादं ठाम विधान ठोकून द्यायचं, असा इथला रिवाज. परवा हा मान मास्तरांनी घेतला.

"फुटबॉलमधली निष्ठा मेली," मास्तर म्हणाले आणि ग्लास खाली ठेवला.

रोख बारक्यावर होता. बारक्या म्हणजे आमच्या गल्लीतलं पोरगं, वय एकोणीस, डाव्या पायाचा खेळाडू. बुटाला चिखल लागलेला, जाळीच्या पिशवीत चेंडू, असा तो सरावावरून थेट आला होता. आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचे असतात; लहानपणापासून एकाच तालमीकडून खेळलेलं हे पोरगं. आणि आता नोंदणीचे दिवस आल्यावर दुसऱ्या पेठेशी त्याचं बोलणं चाललंय, अशी कुणकुण. आमच्याकडं हा गुन्हा घरजावई होण्यापेक्षा मोठा. तालमींची नावं लिहीत नाही. मला रोज त्याच रस्त्यानं घरी जायचंय.

"एक माणूस सांगतो," मास्तर पुढं म्हणाले. मास्तर चाळीस वर्षं पीटीचे शिक्षक, त्यामुळं त्यांचं बोलणं अजून मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल अशा बेतानं असतं. "टॉम फिनी. इंग्लंडचा. १९४६ ते १९६०, चौदा हंगाम, क्लब एकच, प्रेस्टन नॉर्थ एंड. इटलीवाले पोतं भरून पैसे घेऊन आले, गडी हलला नाही. आणि धंदा काय होता ठाऊक आहे? प्लंबर!"

बापूनं मान वर केली. बापू आमचा प्लंबर. त्याच्या पिशवीतून पाइप पान्याचा दांडा कायम बाहेर आलेला असतो. "आमच्यातला? आणि इंग्लंडकडनं खेळला?"

"छहात्तर सामने. तीस गोल. कडेनं धावणारा विंगर असून."

"आयला."

"मास्तर," वकील म्हणाले, "इटलीची गोष्ट पुरी सांगा की. अर्धी सांगून पोराला कशाला दाबताय?"

इथून पुढं दोन तास गेले. मी बँकेतून सुटल्यापासून जुन्या फुटबॉलचं वाचन हाच माझा उद्योग, त्यामुळं तारखा-आकडे माझ्याकडून घेतले गेले. भांडण मात्र त्यांचं त्यांनीच केलं.

आधी गाव सांगायला हवं. प्रेस्टन म्हणजे लँकेशायरमधलं गिरण्यांचं गाव. पाण्यावर चालणारं सूत कातायचं यंत्र काढणारा रिचर्ड आर्कराइट जन्मला तो इथंच. आपण इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो, ते मूळ मँचेस्टर तिथून जवळच. १८८८-८९ साली जगातली पहिली फुटबॉल लीग भरली, ती प्रेस्टननं एकही सामना न हरता जिंकली आणि त्याच हंगामात एफए कप ही बाद पद्धतीची स्पर्धाही जिंकली. म्हणजे क्लब घरंदाज. ५ एप्रिल १९२२ ला फिनी जन्मला, तो क्लबाच्या डीपडेल मैदानापासून हाकेच्या अंतरावर. पोरगं किरकोळ. मानेतली गाठ चौदाव्या वर्षी कापून काढली, तेव्हा उंची पावणेपाच फूट. क्लबानं घ्यायची तयारी दाखवली, तर बाप म्हणाला, आधी प्लंबिंगचं काम पुरं शीक, मग बघू.

"बाप शहाणा," बापू म्हणाला.

"बाप भित्रा," वकील.

"तुमचा बाप काय म्हणाला हुता? एलएलबी नको, नाटकात जा?"

वकिलांनी दूध घेतलं. हा मुद्दा बापूचा झाला.

पुढं युद्ध आलं. १९४० ला तो व्यावसायिक म्हणून सही करतो आणि १९४२ ला सैन्यात. ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीच्या आठव्या आर्मीत रणगाड्याचा ड्रायव्हर. आधी इजिप्त, मग इटली. लीगमधला पहिला सामना थेट ३१ ऑगस्ट १९४६ ला, लीड्सविरुद्ध, वयाच्या चोविसाव्या वर्षी. त्यात गोल केला. महिना उलटायच्या आत इंग्लंडकडून पहिला सामना, बेलफास्टला, तिथंही गोल. खेळाडूची उमलायची वर्षं रणगाड्यात गेली, ह्याबद्दल त्या पिढीतल्या कुणी फारशी कुरकुर केलेली दिसत नाही. सगळ्यांचीच गेली होती.

तर इटली. ती त्यानं आधी रणगाड्यातून पाहिली होती. मे १९५२ मध्ये इंग्लंडचा संघ फ्लॉरेन्सला गेला, इटलीशी १-१ अशी बरोबरी झाली, आणि त्या दौऱ्यात पालेर्मो क्लबाचा अध्यक्ष फिनीला गाठून बसला. हा अध्यक्ष सिसिलीतल्या सरदार घराण्यातला, लोक त्याला प्रिन्सच म्हणायचे. त्यानं देऊ केलं ते असं: सही केल्याबद्दल १०,००० पौंड रोख, महिना १३० पौंड, वर बोनस, समुद्राकाठी बंगला, मोटार, आणि घरच्यांच्या येण्याजाण्याचा खर्च.

"आणि प्रेस्टनमध्ये काय मिळत होतं?" बापूनं विचारलं.

"हंगामात आठवड्याला १४ पौंड. उन्हाळ्यात त्याहून कमी."

"इतका मोठा खेळाडू आणि चौदा?"

"मोठा असो नाहीतर राखीव गडी असो. चौदाच. त्याच्यावर द्यायचंच नाही असा नियम होता."

वकिलांनी खिशातून पेन काढलं. शेंगदाण्याच्या पुडीचा कागद उलटा करून गुणाकार केला. बावन्न आठवडे चौदानं धरले तरी वर्षाला ७२८ पौंड. दहा हजार भागिले सातशे अठ्ठावीस. "पावणेचौदा वर्षं," वकील म्हणाले. "मास्तर, तुमच्या फिनीचे चौदा हंगाम. म्हणजे सबंध आयुष्याचा पगार त्या एका सहीत होता. पगार महिन्याचा निराळा, आणि तोही दुपटीच्या वर."

कागदावर तुपकट डागांमधून तो आकडा सगळ्यांना दिसला. बारक्यानंही वाकून बघितला.

"तरी गेला नाही," मास्तर म्हणाले. आवाजात विजय होता.

"गेला नाही का जाऊ दिलं नाही?"

ह्या एका वाक्यावर सगळा वाद उभा होता. फिनी परत आला आणि त्यानं ती मागणी क्लबाचे अध्यक्ष नॅट बक यांच्यापुढं ठेवली. बक यांचं उत्तर इतकंच, की प्रेस्टनकडून खेळणार नसशील तर कुणाकडूनच खेळणार नाहीस. विषय संपला. फिनी दुसऱ्या दिवसापासून सरावाला.

"बघा," वकील म्हणाले. "नको असतं तर त्यानं विचारलं कशाला? ज्याला नवरी पसंत नाही तो पत्रिका जुळवायला जातो का?"

"विचारलं असंल सहज," मास्तर.

"सहज? दहा हजार पौंड सहज? मास्तर, तुमच्या पेन्शनीत पन्नास रुपये कमी आले तर तुम्ही ट्रेझरीत तीन खेपा घालता."

मास्तरांनी हे मनावर घेतलं नाही. खरं होतं म्हणून.

आता तो नियम. त्यावेळच्या इंग्लिश लीगमध्ये खेळाडूचा करार संपला तरी त्याची नोंदणी क्लबाकडंच राहायची. हंगामाच्या शेवटी क्लब यादी लावायचा: हे ठेवले, हे सोडले. ठेवलेल्यात नाव आलं आणि नवा करार मान्य नसला, तर दुसरीकडं जाता येत नाही आणि इथं पगार मिळत नाही. वर कमाल पगाराचं झाकण. १९०१ साली ते ४ पौंडांवर बसवलं होतं. पुढं १९४७ ला १२, १९५१ ला १४, १९५३ ला १५, १९५७ ला १७, १९५८ ला २०. साठ वर्षं वर सरकत राहिलं, पण निघालं नाही. मैदानात पन्नास-पन्नास हजार माणसं तिकीट काढून उभी असायची. तो पैसा कुठं जायचा, हे बापूनं विचारलं आणि वकिलांनी आभाळाकडं बोट केलं.

"हे तर आपल्याकडच्या सालगड्याचं झालं," बापू म्हणाला. "अंगावर उचल नसताना सालगडी."

"तसंच. आणि भांडलेल्यांचं काय झालं ते ऐक." वकील आता रंगात आले होते. "विल्फ मॅनियन, मिडल्सब्रोचा, इंग्लंडचा. १९४८ ला म्हणाला सही करणार नाही, मला सोडा. क्लब म्हणाला नाही. हा घरी बसला. ओल्डहॅमला जाऊन कोंबड्यांची खुराडी विकायच्या कामाला लागला. इंग्लंडचा इनसाइड फॉरवर्ड, खुराडी! काही महिन्यांनी, १९४९ च्या जानेवारीत, मुकाट्यानं परत आला. खेळ संपल्यावर बांधकामावर मजुरी केली त्यानं."

"आणि तो बोगोटाचा?" मी आठवण दिली.

नील फ्रँकलिन. स्टोकचा सेंटर हाफ, इंग्लंडकडून सलग सत्तावीस सामने खेळलेला. १९५० ला वर्ल्ड कप तोंडावर असताना कोलंबियात निघून गेला, बोगोटाच्या सांता फे क्लबाकडं. कोलंबियाची लीग तेव्हा फिफाबाहेर होती. त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती, कुणाला ट्रान्स्फरचे पैसे द्यायचे नव्हते. अर्जेंटिनाचा नामांकित डी स्टेफानोही तिथंच दुसऱ्या क्लबात होता. फ्रँकलिनचं तिथं जमलं नाही, काही आठवड्यांत परत आला. बंदी बसली. मग दुसऱ्या डिव्हिजनमधल्या हल सिटीनं घेतलं. इंग्लंडची जर्सी पुन्हा कधी मिळाली नाही, आणि त्याच्यावाचून गेलेला इंग्लंडचा संघ ब्राझीलमध्ये अमेरिकेकडून ०-१ हरला. फिनी त्या सामन्यात होता.

"म्हणजे फिनीपुढं दोन वर्षांपूर्वीचं उदाहरण ताजं होतं," वकील म्हणाले. "पळालास तर फ्रँकलिन, बसलास तर मॅनियन. ह्याला तुम्ही निष्ठा म्हणा."

मास्तर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "तुम्ही कागद बघायलाय वकीलसाहेब. माणूस बघा. तो सामना संपल्यावर लोकांच्यात मिसळून घरी जायचा. ज्यांच्या घरी शनिवारी त्याच्या खेळाची चर्चा, त्यांच्याच घरी सोमवारी नळ बसवायला. सबंध कारकीर्दीत पंचाच्या वहीत एकदाही नाव नाही. लाथा किती खाल्ल्या असतील! आजचा खेळाडू काळ्या काचेच्या गाडीतून जातो, काच खाली करत नाही. ते गाव आणि तो खेळाडू एका मापाचे होते. त्याला काही किंमत आहे का नाही?"

"किंमत होती, चौदा पौंड," वकील म्हणाले.

हे जरा लागलं. मास्तरांनी पाठ फिरवून म्हशीकडं बघायला सुरुवात केली.

मी मध्ये पडलो आणि डेनिस कॉम्प्टन काढला. भांडण फार पेटलं की क्रिकेट काढावं, हा कट्ट्यावरचा जुना उपाय. कॉम्प्टन हा आर्सेनलचा विंगर, १९५० चा एफए कप जिंकलेला. आपल्याला ठाऊक आहे तो क्रिकेटर म्हणून. युद्धात त्याची नेमणूक हिंदुस्थानात होती, तेव्हा होळकरांकडून तो रणजी खेळला आणि १९४५ च्या अंतिम सामन्यात ब्रेबॉर्नवर मुंबईविरुद्ध नाबाद २४९ काढल्या. मुंबई तरीही ३७४ धावांनी जिंकली.

"तो सामना माझ्या वडलांनी सांगितलाय," मास्तर वळले. "मर्चंटच्या २७८."

"तोच. तर ह्या कॉम्प्टनला फुटबॉलमधून मिळायचं ते सगळ्यांना मिळायचं तेवढंच. पैसा मिळाला तो ब्रिलक्रीम ह्या केसांच्या क्रीमच्या जाहिरातीतून. भांगाचे पैसे."

"आणि आमच्या गड्याला पायपाचे," बापू म्हणाला आणि आता तो सरसावून बसला. इतका वेळ त्याला कुणी बोलू दिलं नव्हतं.

बापूचं म्हणणं जसंच्या तसं लिहिण्यासारखं आहे. "तुमी दोगं बी त्येला बिचारा करायलाय. एक म्हणतोय देवमाणूस, एक म्हणतोय गुलाम. मर्दा, त्येच्या हातात कसब हुतं! पान्याला कोण रिटायर करतंय काय? ह्यो तुमचा अध्यक्ष उद्या म्हणला अस्ता, टॉम, तू यादीत न्हाईस, तर ह्येनं काय केलं अस्तं? पिशवी उचलली अस्ती आणि गेला अस्ता कामाला. म्हणून तर निवांत खेळला. ज्येला दुसरा धंदा न्हाई त्यो चेंडू घाबरून मारतोय."

मग त्यानं शिशाच्या नळाची गोष्ट सांगितली. फिनी शिकला त्या काळात तिकडं नळ शिशाचेच. प्लंबर हा शब्दच मुळी शिशाच्या लॅटिन नावावरून, प्लंबम, आलेला. हे मी सांगितलं आणि बापूला ते फार आवडलं. त्याच्या उस्तादानं जुन्या वाड्यांतले असे नळ काढले-जोडले होते. दोन टोकं एकमेकांत बसवायची, वितळलेला डाग, म्हणजे सांधायचा धातू, वरून ओतायचा, आणि तो थंड व्हायच्या आत जाड फडक्यानं पुसत पुसत सांध्याला गरगरीत आकार द्यायचा. लवकर पुसला तर ओघळतो, उशीर केला तर गोळा होतो. "त्ये मधलं अर्धं मिनिट असतंय, त्येच्यात सगळा प्लंबर कळतोय," बापू म्हणाला. "घाई करायची न्हाई आणि थांबायचं बी न्हाई. तुमचा विंगर दुसरं काय करतोय?"

मला हे पटलं. फिनीच्या खेळाबद्दल जे जे वाचलंय त्यात हेच आहे. तो बॅकच्या, म्हणजे समोरच्या बचावपटूच्या, अंगावर चेंडू घेऊन जायचा, त्याला पाय टाकायला लावायचा, आणि त्यानं पाय टाकला की पलीकडं. बिल शँक्ली, तोच तो पुढं लिव्हरपूल घडवणारा, प्रेस्टनला त्याच्याबरोबर खेळलेला. त्याचं मत असं, की फिनी कुठल्याही काळात, कुठल्याही संघात थोर ठरला असता, अंगात ओव्हरकोट घालून खेळला असता तरी.

"मॅथ्यूजपेक्षा मोठा?" मास्तरांनी विचारलं. हा इंग्लंडातला वाद आमच्या लता-आशा वादासारखा. सुटत नाही आणि सुटावा असं कुणाला वाटतही नाही.

स्टॅन्ली मॅथ्यूज उजवा विंगर, फिनीही उजवा विंगर. मॅथ्यूज पुढं ब्लॅकपूलकडून खेळला, आणि प्रेस्टन व ब्लॅकपूल ही गावं शेजारशेजारची. निवड समितीनं वर्षानुवर्षं ह्याला का त्याला करत काढली. मग मे १९४७ मध्ये लिस्बनला दोघांना एकदम घेतलं, मॅथ्यूज उजवीकडं, फिनी डावीकडं, आणि पोर्तुगालला १०-० हरवलं. म्हणजे प्रश्न सुटला होता. तरी समितीनं पुढं दहा वर्षं तो सोडवत ठेवला. मॅथ्यूजला १९५३ चं कपचं पदक मिळालं, युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पहिला बॅलन डी'ओर मिळाला, खेळत असतानाच सर झाला. फिनी गोल जास्त करायचा, दोन्ही पायांनी खेळायचा, पुढं पुढं तर प्रेस्टनकडून सेंटर फॉरवर्डला खेळला. ४३३ लीग सामन्यांत १८७ गोल. वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू दोनदा, १९५४ आणि १९५७. दोनदा मिळवणारा पहिलाच.

"आणि जिंकलं काय?" बारक्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं.

सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

जिंकलं काही नाही. युद्धातला एक कप आणि दुसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद सोडलं तर काही नाही. १९५४ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडून २-३ असा हरला, आणि त्या दिवशी तो नेमका वाईट खेळला. त्याच्या आदल्या वर्षी लीगमध्ये तर ऐकवत नाही असं झालं. १९५२-५३, प्रेस्टन आणि आर्सेनल दोघांचे ५४ गुण. तेव्हा गोलफरक नव्हता, गोल सरासरी होती: केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचं. प्रेस्टन आपला शेवटचा सामना डर्बीला १-० जिंकून मोकळं झालं, गोल फिनीचा, पेनल्टीवर. दोन दिवसांनी आर्सेनलनं बर्नलीला ३-२ हरवलं. आता भागाकार.

वकिलांनी पुडीच्या कागदावर उरलेल्या जागेत केला. आर्सेनल ९७ भागिले ६४. प्रेस्टन ८५ भागिले ६०. "एक पूर्णांक पाचशे सोळा आणि एक पूर्णांक चारशे सतरा," त्यांनी वाचून दाखवलं. "पॉइंट शून्य नऊ नऊ. एक दशांशसुद्धा नाही."

"एवढ्यासाठी?" बापू म्हणाला.

"एवढ्यासाठी."

बारक्या म्हणाला, "म्हणजे आर्सेनलकडं असता तर मिळालं असतं."

मास्तर त्याच्यावर ओरडतील असं मला वाटलं. ते काही बोलले नाहीत.

माझं स्वतःचं मत मी तेव्हा सांगितलं आणि इथंही लिहितो. निष्ठा हा शब्द दार उघडं असतानाच वापरावा. कुलूप लावलेल्या घरात कुणी राहिला, तर तो घरावर प्रेम करत नव्हता असं मी म्हणत नाही, करत असेलही. पण कुलूप लावणाऱ्यानं नंतर सत्कारात ते प्रेम आपल्या खात्यावर जमा करू नये. मजा अशी की फिनीनं बहुधा खरंच प्रेम केलं. खेळ संपल्यावर तो गाव सोडून गेला नाही. भावाबरोबर प्लंबिंगचा धंदा वाढवला, गावात मॅजिस्ट्रेट झाला, क्लबाचा अध्यक्ष झाला, २०१४ मध्ये एक्क्याण्णवाव्या वर्षी गेला. म्हणजे मास्तर फिनीबद्दल बरोबर आहेत आणि नॅट बकबद्दल चुकतायत. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे आमच्या कट्ट्याला मान्य होत नाही, कारण मग उद्या बोलायचं काय?

वकिलांना शेवट हवाच होता, तो त्यांनी घेतला. फिनीचा शेवटचा सामना ३० एप्रिल १९६० ला, ल्यूटनविरुद्ध. नऊ महिन्यांनी, जानेवारी १९६१ मध्ये, जिमी हिलच्या खेळाडू संघटनेनं संपाची नोटीस दिली आणि कमाल पगाराचा नियम गेला. लगेच फुलहॅमनं जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड दिले. मग १९६३ ला जॉर्ज ईस्टहॅमचा खटला. तोही क्लबाशी भांडून महिनोन्‌महिने बुचं विकत बसला होता. न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की खेळाडूला असं अडकवून ठेवणं हा त्याच्या धंद्यावरचा गैरवाजवी निर्बंध आहे. हे वाक्य वकिलांनी दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा हातवाऱ्यांसकट.

"एकानं खुराडी विकली, एकानं बुचं, आणि आमच्यानं नळ बसवले," बापू म्हणाला. "त्यातल्या त्यात आमचाच धंदा बरा."

फिनी गेला आणि वर्षभरात, १९६१ ला, प्रेस्टन पहिल्या डिव्हिजनमधून खाली गेलं. ते आजतागायत वर आलेलं नाही. त्याच्या वेळीच लोक संघाला एक प्लंबर आणि दहा गळके नळ म्हणायचे. प्लंबर गेल्यावर गळती उघड झाली. तो स्वतः मात्र १९६३ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, बेलफास्टच्या डिस्टिलरी क्लबाकडून युरोपियन कपचा एक सामना खेळला. समोर पोर्तुगालची, युसेबिओची बेनफिका. ३-३ बरोबरी.

मी फोनवर त्यांना तो फोटो दाखवला. ऑगस्ट १९५६, चेल्सीचं मैदान, पावसानं तळं झालेलं. फिनी दोन बॅकमधून चेंडू काढतोय आणि पाण्याचा फवारा त्याच्या दोन्ही बाजूंनी पंख्यासारखा उडालाय. तोल जायच्या बेतात, पण नजर चेंडूवर. २००४ साली त्यावरून डीपडेलबाहेर पुतळा केला; नाव 'द स्प्लॅश', आणि पुतळा कारंज्यातच उभा.

बापू बराच वेळ फोटो मोठा करून बघत होता. मग म्हणाला, "प्लंबरचं स्मारक आणि सगळीकडनं पाणी उडतंय. प्रेशर कोण बघतंय त्येचं?"

हसू ओसरल्यावर बारक्यानं माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं पालेर्मोचा आकडा बघणार. त्यानं फोटोतल्या फिनीच्या पायांवर बोट ठेवलं.

"दोन्ही पायांनी खेळायचा म्हणालासा. मूळचा कुठल्या पायाचा?"

"डाव्या," मी म्हणालो. "जन्माचा डावखुरा. उजवा पाय त्यानं लहानपणी घासून घासून तयार केला. इतका, की उजव्या विंगला घेतलं."

"कसा केला?"

ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मास्तरांकडंही नव्हतं. बापूनं पिशवीतून पाना काढला.

"हे बघ. पाइप भिंतीच्या कोपऱ्यात आला की उजवा हात आत जातच न्हाई. मग डाव्यानं आवळायचा. पैल्यांदा सटकतंय, बोटं सोलत्यात. गिऱ्हाईक डोक्यावर हुबं अस्तंय. पर कोपरा काय तुझ्यासाठी सरकत न्हाई." त्यानं पाना डाव्या हातात घेऊन हवेत दोन आटे फिरवले. "मार बघू उजव्यानं."

बारक्यानं जाळीतून चेंडू काढला. समोर बंद दुकानाचं शटर होतं. दोन पावलं मागं आला, उजव्या पायानं मारला. चेंडू शटर सोडून थेट म्हशीच्या पुठ्ठ्यावर. म्हैस बाजूला सरकली, बादली लवंडता लवंडता राहिली, गवळ्यानं बारक्याच्या आधीच्या तीन पिढ्या काढल्या.

मास्तर उठले, चेंडू स्वतः उचलून आणला, धोतराला पुसला आणि बारक्याच्या उजव्या पायापुढं ठेवला.

"आणि एकदा," मास्तर म्हणाले.